काच उघडायचा दिवस

‘हुं आवीश,’ मी येईन, असं मृदुला फोनवर म्हणाली, आणि रिसीव्हर ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की हे आपणच म्हणालो. तोंडाने परस्पर कबूल करून टाकलं होतं, डोक्याला विचारलंसुद्धा नव्हतं. शेजारी नवं फॅक्सचं मशीन घरघरत कागद बाहेर टाकत होतं, पलीकडच्या टेबलाशी आज कुठल्या मैदानावर गरब्याला जायचं याची चर्चा रंगली होती, आणि ती आपली फोनकडे बघत बसली होती. फोन डभोईहून होता, तिथल्या म्युझियमच्या जशुभाईंचा. दत्ताजीराव, म्हणजे तिचे वडील आबासाहेब, दरवर्षी नवरात्र बसायच्या आधी स्वतः डभोईला जाऊन वेळ ठरवून येत. यंदा आले नाहीत, घरचा फोन लागत नाही, म्हणून शोधत शोधत जशुभाईंनी मुलीचं ऑफिस गाठलं होतं. आबासाहेब श्रावणात गेले, हे तिने सांगितलं. मग जशुभाईंनी हळूच विचारलं की बेन, मग खंडेनवमीला काच उघडायची की बंदच ठेवायची? यावर कुणीही शहाण्या माणसाने घरी विचारून कळवते म्हटलं असतं. तिने म्हटलं, हुं आवीश.

आता ही काच म्हणजे काय, हे हल्ली बडोद्यातल्या मराठी माणसालाही समजावून सांगावं लागतं. संस्थानाच्या काळात डभोईच्या किल्ल्याच्या राखणीला शिबंदी असे, आणि त्या शिबंदीत पिढ्यान् पिढ्या चाकरी केलेली काही मराठा घराणी होती. शिबंदी मोडली. घराणी बडोद्याला आली, वाडीत नाहीतर दांडिया बाजारात राहिली, कुणी मिलमध्ये लागलं, कुणी वीज कंपनीत. हत्यारं खुंटीवर राहिली. पुढे परवान्यांची कटकट सुरू झाली. त्यातून माणसं ब्लॉकमध्ये राहायला गेली, आणि ब्लॉकच्या भिंतीला तलवार टांगायची तर शेजारचे शहाभाई मुलांना आपल्याकडे पाठवेनात. तेव्हा सगळ्यांनी बसून ठरवलं की जिथलं तिथे जाऊ दे. डभोईत जुन्या कचेरीत गावच्या हौशी मंडळींनी म्युझियम मांडलं होतं. चार कोरीव दगड, नाण्यांचं कपाट, भुसा भरलेली एक मगर, असा संसार. तिथे ही हत्यारं गेली, पण एका बोलीवर: खंडेनवमीला काच उघडायची आणि ज्याने त्याने आपल्या शस्त्राची पूजा करायची. कागदबिगद काही नाही. शब्द दिला, शब्द घेतला, झालं.

मृदुला लहानपणी जायची. प्रतापनगर स्टेशनातून छोट्या रुळांची गाडी, आणि तिच्या लाकडी बाकावर आबासाहेब, बंद गळ्याचा कोट घालून, डोक्याला पगडी बांधून, असे ताठ बसलेले की तिकीट तपासायला आलेला माणूससुद्धा आधी नमस्कार करी आणि मग तिकीट विचारी. ती शेजारी फ्रॉक सावरत बसे. बारातेराची झाली तशी तिला त्या पगडीची लाज वाटायला लागली. वर्गातली कुणी फलाटावर दिसली तर ती बापाकडे पाठ करून भिंतीवरच्या जाहिराती वाचत उभी राही. पण डभोईला पोचलं की लाज कुठल्या कुठे जाई, कारण तिथे सगळेच पगडीवाले! कचेरीच्या व्हरांड्यात मिशा, कोट, जोडे यांची नुसती गर्दी, आणि भांडणं तर विचारू नका. कुणाची काच आधी उघडायची, यावरून दरवर्षी जुंपायची. सुभानराव माने म्हणत, आमच्याकडे दरवाजा होता, दरवाजा पहिला. पिलाजीराव जगदाळे म्हणत, दरवाजा काय कुणीही उघडतं, बुरूज आमचा होता. त्यांच्यामागे शितोळे, मग ढमढेरे, आणि त्यानंतर भोइटे, म्हणजे आबासाहेब. एका वर्षी आपला नंबर मागे लावला म्हणून आबासाहेब ताट तिच्या हातात तसंच ठेवून तरातरा स्टेशनपर्यंत चालत गेले होते. सुभानरावांनी स्वतः जाऊन हाताला धरून परत आणलं. पोरींचं काम एकच, ताट धरायचं. हळद लावायला हात पुरुषाचाच. तिने कधी विचारलं नाही की असं का. ताट धरणं हेही काही थोडं नाही, असं तिला तेव्हा मनापासून वाटे.

ऑफिस सुटल्यावर ती राजवर्धनकडे गेली. हा चुलतभाऊ, भोइट्यांच्या घरातला आता एकुलता पुरुष. अलकापुरीत त्याची पेजरची एजन्सी होती, आणि कमरेला एकाला दोन पेजर लावून तो गिऱ्हाइकांमधून फिरत होता. त्याने तिला बसवलं, थंड मागवलं, सगळं नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता तो. म्हणाला, तू हो म्हणालीसच कशाला? एक तर काका गेल्याला वर्ष व्हायचंय, घरात कसला सण नाही, तेव्हा मला हात लावता येत नाही. दुसरं म्हणजे तू लग्न होऊन गेलीस, तुझं कूळ बदललं.

‘त्या जशुभाईलाच सांग, एक हार घालेल तो. नाहीतरी आता ती त्यांचीच वस्तू आहे, अक्का.’

खरं होतं तसं. वस्तू म्युझियमचीच होती. पण तो ‘आता’ असं काही म्हणाला की मृदुलाच्या कानाची पाळी तापली. तिने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, ‘कूळ बदललं ना माझं? मग मला सणाची बंदी नाही. मी जाऊ शकते.’

राजवर्धन हसला, आणि तेवढ्यात पेजर वाजला म्हणून उठला. जिना उतरताना तिला क्षणभर फार बरं वाटलं, वकिलाला गप्प केल्यासारखं. खालच्या पायरीशी येईतो ते ओसरलं. कूळ बदललं म्हणून सण करता येतो, आणि कूळ बदललं म्हणूनच ती तलवार आपली नाही! दोन्ही एकदम खरं असेल तर डभोईला जाऊन आपण नक्की कोण म्हणून उभं राहायचं, हे तिला कळेना. स्कूटर सुरू करायला तिने किती लाथा मारल्या असतील कोण जाणे.

सासरी वेगळंच. सलीलचे आजोबा संस्थानात पोथ्यांच्या खात्यात होते, सासरे प्राध्यापक, सलील स्वतः युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्र शिकवतो. दसऱ्याला या घरात पाटावर पुस्तकं मांडतात, त्यावर दौत, आणि अलीकडे सलीलच्या हट्टाने एक परीक्षानळी. लग्न ठरलं तेव्हा भोइट्यांकडे बरीच कुजबुज झाली होती, की पळीपंचपात्राच्या घरात मुलगी देता? आबासाहेबांनी एका वाक्यात निकाल लावला. म्हणाले, सरकारला तलवारही लागत होती आणि दौतही, आमचं दोघांचं एकाच दाराशी पोट भरलं. सासूबाई, निरुपमाताई, अजून हे वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. त्या रात्री जेवताना मृदुलाने डभोईचं सांगितलं तर सलील लगेच म्हणाला, मी येतो, रजा टाकतो. ती नको म्हणाली. का नको ते तिलाही सांगता आलं नसतं. तो बरोबर असता तर ही एक सहल झाली असती, म्युझियम बघून, भजी खाऊन परत. निरुपमाताईंनी मात्र काही न विचारता दुसऱ्या दिवशी बाजारातून एक गरगरीत कोहळा आणून ओट्यावर ठेवला. म्हणाल्या, ‘तुझे वडील एकदा बोलले होते, नवमीला बळीच्या जागी कोहळा लागतो म्हणून. लहान मिळाला नाही ग.’ मृदुलाला भरून आलं, आणि हा धोंडा न्यायचा कसा याचं हसूही आलं.

नवमीला सकाळच्या गाडीत तो कोहळा पिशवीत घालून मांडीवर घेऊन ती बसली. पायाशी दुसरी पिशवी, त्यात ताट, हळदकुंकू, नारळ, तिळाच्या तेलाची बाटली, फडकं आणि झेंडूचा एक हार. गाडी हलली तसे दोन्ही बाजूंचे तुरीचे हिरवे तुकडे, एरंडाची झाडं, मधूनच एखाद्या कारखान्याची नवी कोरी पत्र्याची भिंत मागे जायला लागली. हे सगळं ती आबासाहेबांच्या बाहीआडून बघायची. त्या बाहीला कापराचा आणि ट्रंकेचा वास असे. लग्नानंतर तिचं येणं सुटलं. त्यांनी कधी बोलावलं नाही, तिने कधी म्हटलं नाही, आणि ते एकटे जात राहिले. आई चिडायची. सकाळी गेलेला माणूस दिवेलागणीला परत, थकून चूर, बोटं पिवळीधम्मक. एका तलवारीला हळद लावायला दिवस लागतो का हो? ते म्हणत, गाडी लेट होती. दरवर्षी गाडी लेट. मृदुलालाही वाटायचं, म्हातारा तिथे जाऊन मिरवत बसत असणार, चार माणसं गोळा करून बुरुजाच्या गोष्टी सांगत असणार. मिरवू देत बिचाऱ्यांना, असं ती सलीलला म्हणायची, आणि म्हणताना जरा हसायची. ते हसू आता गाडीत तिच्या तोंडात कडवट होऊन आलं. समोरच्या बाईने कोहळ्याकडे बघून चौकशी केली, ‘बेन, आनुं शुं बनावशो?’ याचं काय करणार? मृदुला पटकन म्हणाली, भाजी. बाईने ती कशी करायची हेही सांगितलं, मेथीदाणे घालून. मृदुला मान हलवत राहिली, आणि डभोई येईपर्यंत स्वतःवर चरफडत राहिली. भाजी म्हणे! बापाने पगडी घालून हाच प्रवास उभा जन्म केला आणि लेकीला एका परक्या बाईसमोर खरं सांगवेना.

जशुभाई फाटकाशीच उभे होते. पन्नाशीपुढचे, डोळ्यांखाली सुजलेले, हातात किल्ल्यांचा मोठा जुडगा. त्यांनी तिच्या हातातला कोहळा घेतला आणि पुढे चालू लागले. आत कचेरीचा लांबलचक दिवाणखाना, तसाच. मगर तिच्या आठवणीपेक्षा बरीच लहान निघाली. व्हरांडा मात्र रिकामा होता. तिने जशुभाईंना विचारलं, बाकीचे कधी येणार? त्यांना ऐकू गेलं नसावं, कारण त्यांनी भोइट्यांच्या काचेचं कुलूप काढायला घेतलं होतं. काच करकरत बाजूला झाली आणि आतला बंद वास बाहेर आला. लाल मखमलीवर ती होती. साधी लोखंडी मूठ, पात्याला एका जागी खाच. मृदुलाने ताट खाली ठेवलं, फडक्याला तेल लावलं, पातं पुसलं. इथवर हात आपसूक चालला. हळदीत बोट बुडवलं, आणि बोट तिथेच थांबलं. पुढे जाईना. तिच्या मागे कुणी उभं नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं, आणि तरी बोट जाईना. आपण इथे कुणाच्या घरात शिरलो आहोत असं तिला वाटलं.

अशा वेळी माणसाला काय आठवेल याचा नेम नाही. तिला येसूबाई आठवल्या. तिची पणजी, जिला तिने पाहिलंही नव्हतं. आबासाहेबच सांगायचे. घरातले कर्ते पुरुष साथीत गेले, मागे राहिल्या येसूबाई, पोटुशी सून आणि कडेवरचा नातू, म्हणजे खुद्द आबासाहेब. वर्षभर तलवारीला तेलपाणी येसूबाईंचं, खुंटीवरून काढणं-ठेवणं येसूबाईंचं. नवमी आली की मात्र पुरुषाचा हात हवा. तर ही बाई नातवाला उचलून तलवारीसमोर धरायची, त्याची मूठ आपल्या हाताने उघडायची, त्याचं चिमुकलं बोट हळदीत बुडवायची आणि आपल्याच हाताने पात्याला टेकवायची. आबासाहेब हे सांगताना खो खो हसत. म्हणत, मी तर झोपलेला असायचो, अक्कासाहेब! ते लेकीला अक्कासाहेब म्हणत आणि अहो-जाहो करत, तिच्या सासरी याचं फार नवल वाटे. झोपलेला असायचो. म्हणजे मग पूजा केली कोणी? इतक्या वर्षांत हा प्रश्न ना त्यांना पडला ना तिला, दोघं नुसते हसत होते. मृदुलाने हळदीचं बोट पात्याला लावलं. लोखंड गार होतं. खाचेपाशी तिने कुंकू लावलं, पातं कोहळ्याच्या सालीला टेकवलं, एक बारीक रेघ उठली, आणि तिच्या छातीत इतका आनंद दाटला की तिने दोन्ही हातांनी काचेची चौकट धरली. आबासाहेब, झालं हो. केली मी.

आता निघायचं, म्हणून तिने हार उचलला, तर शेजारी पुन्हा कुलपाचा आवाज. जशुभाई पुढली काच उघडत होते. त्यानंतर त्याच्या पुढली. एकेक करत ते भिंतीच्या पार टोकापर्यंत गेले, सगळ्या काचा उघडल्या, आणि रुमालाला हात पुसत तिच्याकडे बघत उभे राहिले. तिने विचारलं, हे कशाला? तेव्हा त्यांना नवल वाटलं. त्यांना वाटलं होतं, मुलीला ठाऊक असणार.

‘साहेब तो बधानी करता,’ जशुभाई म्हणाले. साहेब तर सगळ्यांची करायचे.

मग जरा अडखळत त्यांनी सांगितलं. आधी सुभानराव अंथरुणाला खिळले, त्यांनी निरोप पाठवला की दत्ताजी, यंदा माझी तू कर. पुढे पिलाजीराव गेले, त्यांचा मुलगा अमेरिकेत. शितोळे पुण्याला गेले. ढमढेऱ्यांकडे कुणी उरलं नाही. एकेक वर्षी एकेक कमी. शेवटी तर निरोपही येईनासे झाले, पण दत्ताजीराव थांबले नाहीत. एकेका काचेसमोर उभे राहायचे, त्या घराचं नाव मोठ्याने घ्यायचे, यांच्या वतीने म्हणायचे, आणि हात चालवायचे. दुपार टळून जायची. जशुभाई म्हणायचे, साहेब बसा जरा. ते बसत नसत. आणि आपली स्वतःची तलवार सगळ्यांत शेवटी.

शेवटी! नंबर मागे लावला म्हणून ताट टाकून स्टेशनपर्यंत गेलेला माणूस! मृदुलाला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. गाडी लेट होती म्हणे. जन्मभर सरळ बोलला असेल तर शपथ. घरात बायको तडतडतेय, मुलगी पाठीमागे हसतेय, आणि हा गृहस्थ पिवळी बोटं धुऊन मुकाट जेवायला बसतोय. किती ताठ बसायचे ते त्या बाकावर. ती ज्याला मिरवणं म्हणत होती तो ताठपणा कशाचा होता, हे तिला आत्ता, डोळे पुसताना कळलं, आणि तिचीही पाठ नकळत सरळ झाली. असा माणूस आपला बाप होता. हे कुणाला तरी ओरडून सांगावं असं तिला वाटलं, सलीलला, आईला, त्या मेथीदाणेवाल्या बाईलासुद्धा.

तिने पदर खोचला. हार एकच होता, तो तिने तोडला आणि सुटी फुलं ताटात घेतली. नावांचं काय, असं जशुभाईंनी विचारलं, कारण त्यांना आडनावं नीट म्हणता येत नव्हती. नावांची काळजी नव्हती. इतकी वर्षं भांडणं ऐकली होती तिने! सगळा क्रम पाठ होता, मानापमानासकट. दरवाजा पहिला. ‘सुभानराव माने यांच्या वतीने,’ ती म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजाने दचकली. दिवाणखाना मोठा होता, आवाज घुमला. तेल, हळद, कुंकू, फूल, कोहळ्याच्या सालीवर रेघ. मग जगदाळे, बुरूजवाले. त्यांच्या तलवारीच्या मुठीवर सोन्याचं काम होतं, आणि लहानपणी तिला तिचा हेवा वाटे. आता तिने ती मूठ अगदी मायेने पुसली, लेकराचं तोंड पुसावं तशी. शितोळे. ढमढेरे. काही काचांत दोन दोन होत्या. हात दुखायला लागले, खांदा भरून आला, बोटं नखांच्या मुळापर्यंत पिवळी झाली, आणि तिला भूक, तहान, गाडीची वेळ कशाचंच भान राहिलं नाही. कोपऱ्यात एक आखूड कट्यार होती, गंज चढलेली. ती कुणाची हे भांडणात कधी आलंच नव्हतं, बहुधा भांडण्याइतका मान त्या घराला नव्हता. मृदुला तिच्यासमोर सगळ्यांत जास्त वेळ थांबली. ‘तुमचं नाव मला माहीत नाही,’ ती म्हणाली, ‘पण मी आलेय.’ आणि तिने हळद लावली.

मधेच केव्हातरी बाहेर बस थांबल्याचा आवाज झाला होता, आणि दिवाणखान्यात बायका शिरल्या होत्या. सावली गावचं एक महिला मंडळ एका दिवसाच्या सहलीला निघालं होतं. सकाळी हिरा भागोळ, म्हणजे किल्ल्याची जुनी वेस, बघून झाली होती, म्युझियम उरकून चांदोदला नर्मदेवर जायचं होतं. आल्या त्या बोलत, खाखरे खात, मगरीपाशी एकमेकींना ढकलत. मग एकीचं भिंतीकडे लक्ष गेलं, आणि हळूहळू सगळ्या तिकडे वळल्या. त्यांना नुसती एक घामाघूम बाई दिसत होती, उघड्या काचांसमोर पिवळ्या हातांनी उभी, आणि तिच्या मागे ओळीने तलवारी, प्रत्येकीवर एकेक झेंडूचं फूल. त्यांतली एक म्हातारी पुढे आली. तिने चष्मा कपाळावर चढवून एकेक पातं बघितलं. मग देवळात बोलावं तशा आवाजात तिने मृदुलाला विचारलं, ‘आ तमारी छे?’ या तुमच्या?

‘हा, अमारी,’ मृदुला म्हणाली.

म्हातारीने या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली. ‘बधी?’

मृदुलानेही वळून भिंतीकडे बघितलं. दरवाजा, बुरूज, सोन्याची मूठ, खाचेचं पातं, गंजलेली कट्यार.

‘बधी,’ ती म्हणाली, आणि म्हातारीच्या हातात हळदीचं ताट धरायला दिलं.